मौनाची मुदत

३ नोव्हेंबर, सोमवार

बायकोने, नेलीने, ही वही गेल्या वाढदिवसाला दिली होती, ती आजवर कोरीच राहिली. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची बोलणी लिहून काढली. स्वतःचं काही लिहायला बसलो की कोणी सूचना मांडली आणि कोणी अनुमोदन दिलं, एवढंच सुचतं. पण रक्तदाब एकशे सत्तरवर गेलाय आणि डॉक्टरीणबाई म्हणतात, मनातलं कुठेतरी उतरवत जा. घरी उतरवलं तर नेली उलट उत्तर देते. वही देत नाही.

तर, नोंदीसाठी: मी अन्सेल्मो एचेवेरी, मूळ मोन्तेविदेओचा, वय एकसष्ट, सामायिक नदी संघटनेचा महासचिव. एकशे बारा देश सभासद. जिनेव्हात आलो तो इतिवृत्त लिहिणारा कारकून म्हणून. चार वर्षांपूर्वी या खुर्चीत बसलो, कारण दोन माजी मंत्र्यांपैकी कोण, यावर मोठ्या देशांचं जमेना आणि माझ्याविरुद्ध बोलावं असं कोणाला काही आठवेना. हे मी मेजवान्यांत गमतीने सांगतो. लोक हसतात. खरं म्हणजे ते तसंच घडलं.

मार्चअखेर पहिली मुदत संपते. दुसऱ्या मुदतीचं डिसेंबरात ठरेल, आमच्या नेहमीच्या पद्धतीने. आमच्याकडे हात वर करून मतदान जवळजवळ होतच नाही. मसुदा सगळ्या देशांना पाठवायचा आणि मौनाची मुदत द्यायची. ठरल्या दिवशी पाच वाजेपर्यंत कोणी लेखी हरकत घेतली नाही, तर तो सर्वांना मान्य. एकाने जरी हरकत घेतली तरी मौन मोडलं, मसुदा बारगळला. बाहेरच्यांना याचं हसू येतं. पण या पद्धतीने मी नऊ करार तडीला नेलेत.

आज इल्यास दोस्मातोवला धरून एकोणीस दिवस झाले. हा आमचा पाणी मोजणारा माणूस. ज्या देशात मोजतो त्याच देशाचा नागरिक. धरणाखाली सात वर्षं नदीची पातळी मोजून आम्हाला कळवत होता, म्हणजे खालच्या देशांना पूर येण्याआधी दोन दिवस कळावं. पंधरा ऑक्टोबरला वहीसकट उचलला. आरोप हेरगिरीचा. शिक्षा बारा वर्षांपर्यंत. दुसऱ्या देशाचा असता तर त्याच्यासाठी तो देश ओरडला असता. याचाच देश याला धरून बसलाय, त्यामुळे त्याला आमच्याशिवाय कोणी नाही. आमच्या म्हणजे माझ्याशिवाय.

देशाचं नाव लिहीत नाही. वहीतही नको. यजमान देश म्हणू.

६ नोव्हेंबर, गुरुवार

यजमान देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून पत्र आलं. अतिशय सभ्य. दोस्मातोव हे पंधरा ऑक्टोबर रोजी संघटनेच्या कामावर होते किंवा कसे, याबाबत काही म्हणणे असल्यास वीस नोव्हेंबरपर्यंत कळवावे, मंत्रालय आभारी राहील. अन्यथा मंत्रालय आपल्या समजुतीनुसार पुढील कार्यवाही करील. खाली उच्चतम आदर वगैरे.

आमची विधी सल्लागार ओमोलारा अडेशिना पत्र हातात घेऊन न विचारता आत आली. लागोसची बाई, बोलणं सरळसोट. म्हणाली, आजच उत्तर द्या. एक पान पुरे: हा माणूस आमच्या कामावर होता, त्याच्यावर खटला चालवता येणार नाही. करारानुसार असा दाखला फक्त महासचिव देऊ शकतो. उपमहासचिव नाही, मी नाही, देव आला तरी नाही.

मी म्हटलं, घाई नको. मंत्रालयाला जाहीरपणे खोटं पाडलं तर ते हट्टाला पेटतील.

ती म्हणाली, "साहेब, शेवटचं वाक्य वाचलंत ना? ही मौनाची मुदत आहे."

मला जरा हसू आलं. मौनाची मुदत परिषदेत असते, पत्रांत नसते. तिला येऊन सहाच वर्षं झालीत. असली वाक्यं म्हणजे शिष्टाचाराचं शेपूट. मी पत्र उजव्या खणात ठेवलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

यजमान देशाचे राजदूत मुरातोव यांच्याबरोबर एर्मान्सला जेवलो. सरोवराकाठची नेहमीची जागा, पर्च मासे, थोडी पांढरी वाइन. मुरातोव जुना स्नेही आहे. आम्ही दोघांनी मिळून एका करारातला अल्पविराम अकरा तास वाचवला होता. माणूस मनमोकळा.

इल्यासबद्दल त्यानेच विषय काढला. म्हणाला, "अन्सेल्मो, त्या पत्राला उत्तर देऊ नका. तुमचं उत्तर आलं की फाईल वर चढते. वर चढली की मग कोणालाच माघार घेता येत नाही. उत्तर नसलं की ती खालीच पडून राहते, आणि खाली पडलेल्या फायली आम्ही वसंतात गुपचूप बंद करतो." आणि ते शेवटचं वाक्य? तो हसला. ते आमचे कारकून सगळ्याच पत्रांना चिकटवतात म्हणाला.

मीही हेच तर म्हणत होतो. आपल्या विचाराला आतल्या माणसाने दुजोरा दिला की बरं वाटतं.

मग कॉफी घेताना इकडच्या तिकडच्या गप्पा. दुसऱ्या मुदतीबद्दल त्यांच्या राजधानीत माझ्याविषयी चांगलं मत आहे म्हणाला. शांत माणूस असावा, असं सगळ्यांनाच वाटतं. बिलासाठी भांडलो. त्यानेच दिलं.

घरी चालत आलो. किती तरी दिवसांनी हलकं वाटलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज एक प्रकार घडला. साडेदहाला माझी सचिव मादाम बोशार एका बाईंना घेऊन आत आली. भेटीची वेळ ठरलेली नाही, नोंद नाही. वीस वर्षांत मादाम बोशारने असं केलेलं नाही. बाई म्हणजे इल्यासची बायको, आयझादा. दवाखान्यात परिचारिका आहे. शहराबाहेर मेरँला कोणा मावसबहिणीकडे उतरली आहे. भाषांतराला दुभाष्यांच्या विभागातून एकाला बोलावलं.

तिने वाळवलेल्या जर्दाळूंची पिशवी टेबलावर ठेवली. मी सांगितलं की भेटवस्तूंची नोंद करावी लागते. मादाम बोशारने रजिस्टर आणलं आणि माझ्याकडे न बघता लिहिलं: जर्दाळू, एक किलो.

आयझादाने एकच विचारलं. "तुम्ही त्यांना सांगितलंत का, की तो तुमचा माणूस आहे?"

मी नीट उत्तर दिलं. म्हणालो की संघटना या प्रकरणाकडे अत्यंत गांभीर्याने पाहते आहे, योग्य त्या मार्गांनी योग्य त्या पातळीवर संपर्क चालू आहे, अशा बाबतीत संयम हाच अनेकदा सर्वांत परिणामकारक ठरतो, आणि तिच्या कुटुंबाच्या पाठीशी आम्ही सदैव आहोत. दुभाष्याने एवढ्याचं भाषांतर एका शब्दात केलं. तिची भाषा फार आटोपशीर असावी.

ती उठली. दारापाशी थांबून म्हणाली, त्याला गार पाण्यात उभं राहून गुडघेदुखी लागली आहे, मलम तेवढं पोचवता आलं तर बघा. मी ते टिपून घेतलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कर्मचाऱ्यांचं निवेदन आलं, दोनशे बारा सह्या. महासचिवांनी जाहीरपणे बोलावं म्हणतात. पूर्वी असं निवेदन आलं असतं तर हॉलस्ट्रोम साहेबांनी ते घडी घालून डळमळत्या टेबलाखाली ठेवलं असतं.

हॉलस्ट्रोम माझे पहिले महासचिव. नऊ वर्षांत पत्रकारांशी एकदाही बोलले नाहीत. ट्राममधून यायचे, कोणी ओळखायचं नाही. मला म्हणायचे, आपण टेबल आहोत, एचेवेरी. देश आपल्यावर कोपरं टेकून बोलतात. टेबलाने मध्येच बोलायचं नसतं. त्यानंतरचे दोघे मंत्रिपदावरून आलेले. त्यांच्याबरोबर छायाचित्रकार हिंडायचे आणि पुराच्या पाण्यात बूट घालून उभं राहण्याची पद्धत त्यांनी पाडली. आता लोकांना वाटतं, महासचिव म्हणजे जगाचा थोरला भाऊ, त्याने कान धरावेत. माझ्याकडे ना सैन्य, ना तिजोरी, ना मतदार. कान धरायला हात तरी कुठून आणू?

हे सगळं मी ओमोलाराला ऐकवलं. ती म्हणाली, कान धरू नका, पण इल्यासचा हात तरी धरा. टेबलाला सही करता येत नाही, तुम्हाला येते.

मी तिला मुरातोवबद्दल सांगू शकलो नाही. गुप्त मार्ग गुप्तच राहिला पाहिजे. ती दार जरा जोरात लावून गेली. लागोसला बहुधा तसंच लावतात.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बोचरा वारा, सरोवराचं पाणी थेट रस्त्यावर. दिवसभर उजव्या खणाकडे लक्ष जात होतं. चारला ओमोलारा आली, दाखला टाइप करून, सहीची जागा पेन्सिलीने दाखवून. उभीच राहिली. मी म्हटलं, ठेव, वाचतो.

पाच वाजले. काही झालं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रक्तदाब एकशे चाळीस. झोप छान. फाईल खालीच असणार.

२ डिसेंबर, मंगळवार

घरी येताच लिहायला बसलो.

खटला पंधरा डिसेंबरला उभा राहणार. आरोपपत्र आज त्यांच्या राजपत्रात छापलं. ओमोलाराने भाषांतर करून आणलं आणि तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. तिथे लिहिलंय: संघटनेला रीतसर विचारणा करून चौदा दिवसांची संधी देण्यात आली. संघटनेने आरोपीचे कृत्य आपल्या कामाचा भाग असल्याचे म्हटले नाही. सबब आरोपी स्वतःच्या जबाबदारीवर माहिती गोळा करीत होता, हे संघटनेस मान्य आहे.

मान्य आहे. माझ्या नावाने, माझ्याच पद्धतीने.

एकतीस वर्षं मी जगाला शिकवत आलो की हरकत नाही म्हणजे संमती. या इमारतीत ही गोष्ट माझ्याइतकी कोणाला ठाऊक नाही. आणि मी ते पत्र खणात ठेवून मासे खायला गेलो.

मुरातोवला सहा वेळा फोन केला. बैठकीत आहेत.

३ डिसेंबर, बुधवार

ओमोलाराला एर्मान्सच्या जेवणाचं सगळं सांगितलं. तिने मला फैलावर घेतलं असतं तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली की आता दाखला पाठवला तर मुदत उलटली म्हणून परत येईल. उशीर का झाला याचं कारण जोडलं तरच न्यायालयाला तो नोंदवून घ्यावा लागेल, तसा करारात नियम आहे. कारण कोणतं देता येईल, मी विचारलं. पत्र गहाळ झालं? टपाल? आजारपण?

ती म्हणाली, पोच तुमच्या सहीची आहे. खरं सोडून दुसरं काही टिकणार नाही.

घरी नेली येर्बाचा काढा नळीने ओढत बसली होती. तिला सांगितलं की मी हे इल्यासच्या भल्यासाठी केलं, मला फसवलं. तिने पात्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "फसवलं ना, त्याने फसवलंच. पण तुला तिथे पुन्हा बसायचं होतं, अन्सेल्मो. त्यात वाईट काही नाही, मलाही इथून हलायचं नव्हतं. फक्त ते त्या माणसाच्या नावावर खपवू नकोस."

मी म्हटलं, मुदतीचा विषय तर नुसता बोलण्याच्या ओघात निघाला होता. मी आठ तारखेचं पान उघडून पुन्हा वाचलं. दोन्ही गोष्टी एकाच जेवणात, एकाखाली एक लिहिल्यात. माझ्याच अक्षरात.

८ डिसेंबर, सोमवार

परिषदेने माझ्या फेरनेमणुकीचा मसुदा आज सगळ्यांना पाठवला. मौनाची मुदत शुक्रवार बारा, संध्याकाळी पाच. अभिनंदनाचे फोन यायला सुरुवात झाली.

दुपारी मुरातोवचा फोन. आवाज तोच, मऊ. "वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडे वरून दडपण आलं. शिक्षा होईल, पण वसंतात माफी मिळेल, माझा शब्द. तुम्ही फक्त हे चार दिवस नीट जाऊ द्या. बोलून तुम्हीही जाल आणि तोही जाईल. मग वसंतात त्याच्यासाठी शब्द टाकायला इथे असेल कोण?"

दिवसभर हाच प्रश्न डोक्यात घोळतोय. खोटा नाही हा प्रश्न. मी गेलो तर पुढचा कोण येईल, काय करेल, ठाऊक नाही. गप्प राहून मी खरोखरच माणसं सोडवलीत: एकदा दोन, एकदा पाच. त्यांची नावं कधी कुठे छापून आली नाहीत, तेच माझं समाधान. मग या वेळी गप्प राहणं वेगळं का? फरक दिसतो आणि दिसत नाही. तेव्हा कोणी मला विचारलं नव्हतं की हा तुमचा माणूस आहे का. या वेळी विचारलं.

मला भीती वाटते. हे लिहून ठेवतो. आरडाओरडा करणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली, त्यातलाच एक होण्याची भीती वाटते. आणि एप्रिलमध्ये सकाळी उठून कुठे जायचं, याचीही.

१० डिसेंबर, बुधवार

आयझादा रोज आमच्या फाटकापाशी येते, असं कळलं. फलक नाही, घोषणा नाही. आठ ते दहा उभी राहते, मग जाते. सुरक्षारक्षक तिला चहा देतात. माझी गाडी तळघरातून आत येते, त्यामुळे मला कधी दिसली नाही.

आज ट्रामने गेलो. हॉलस्ट्रोम साहेबांची आठवण म्हणून, असं मादाम बोशारला सांगितलं. फाटकापाशी आयझादाला मान लवून नमस्कार केला. तिने बराच वेळ पाहिलं आणि मग नमस्कार केला. बोललो नाही. सांगण्यासारखं अजून काही केलं नव्हतं.

११ डिसेंबर, गुरुवार

आज परिषदेची खुली बैठक. विषय चौथा, सचिवालयाचा अहवाल. हा विषय आला की प्रतिनिधी कानावरची यंत्रं काढून ठेवतात आणि दुपारी कुठे जेवायचं ते ठरवतात. मीच तो तसा कंटाळवाणा करून ठेवलाय. गॅलरीत आयझादा होती. पास कोणी दिला, विचारलं नाही.

अहवालाच्या जागी मी दाखला वाचला. मग कारण वाचलं. ते मी स्वतः लिहिलं होतं, ओमोलाराला फक्त नियमाचा क्रमांक विचारला. जसं वाचलं तसं उतरवतो:

"इल्यास दोस्मातोव पंधरा ऑक्टोबरला पाणी मोजत होता तो माझ्या सहीच्या आदेशावरून. तो आमचा माणूस आहे. यजमान सरकारने मला सहा नोव्हेंबरला लेखी विचारलं. मी उत्तर दिलं नाही. गप्प राहणं त्याच्या हिताचं आहे असं मला सांगण्यात आलं, आणि ते मला सोयीचं होतं म्हणून मी मानलं. ते मौन माझं होतं, संघटनेचं नव्हे. एका माणसाच्या बारा वर्षांविरुद्ध कोणी ते पुरावा म्हणून वापरू नये."

पहिल्या वाक्याला कोणी ऐकत नव्हतं. तिसऱ्या वाक्याला एकेक करून यंत्रं कानावर चढू लागली. आवाज माझाच आहे का, असं वाटत होतं. मुरातोवचं नाव घेतलं नाही. ते त्याला शोभलं असतं, मला नाही.

मुरातोवने हरकतीसाठी आपल्या देशाची पाटी उभी केली. पण अध्यक्षबाईंना नेमका त्याच वेळी चष्मा सापडेना. डोक्यावरच होता बिचारीच्या. कागद चाळत, टेबलाखाली वाकून शोधत राहिल्या, तोवर माझं वाचून संपलं. मगच त्यांना पाटी दिसली. वय झालं की असं होतं.

सभागृहातून बाहेर पडलो तर पाचव्या मजल्यापर्यंत जिन्यात दोन्ही बाजूंना कर्मचारी उभे. कोणी बोलत नव्हतं. लिफ्ट बंद पडली असावी. मी सगळ्यांना नमस्कार करत वर आलो, आणि धाप लागली म्हणून मादाम बोशारने पाणी आणून दिलं. तिचे डोळे लाल होते. तिला सर्दी लवकर होते.

१२ डिसेंबर, शुक्रवार

एस्कलाद, जिनेव्हाचा सण. दरवर्षीप्रमाणे कार्यालयात चॉकलेटचा हंडा आणलेला, आत साखरेच्या भाज्या. खोलीतल्या सर्वांत मोठ्याने आणि सर्वांत लहानाने मिळून तो फोडायचा. मोठा मीच.

चार बावन्नला यजमान देशाचं पत्र आलं, दोन ओळींचं. फेरनेमणुकीस हरकत. मौन मोडलं. मादाम बोशारने त्यावर वेळेचा शिक्का नीट मारला. मग ओमोलाराने मोठ्याने विचारलं, "आता हंडा फोडायचा की त्यालाही मुदत द्यायची?" सगळे हसले आणि मीही हसलो. एका बुक्कीत फुटला.

घरी येताना मात्र ट्राममध्ये रडू आलं. एकतीस वर्षं. ते इल्याससाठी नव्हतं, हे प्रामाणिकपणे लिहितो.

१६ डिसेंबर, मंगळवार

गुरुवारीच पाठवलेला दाखला न्यायालयाला नोंदवून घ्यावा लागला. सुनावणी काल तहकूब. खालच्या तीन देशांनी, ज्यांना इल्यासच्या आकड्यांवरून पुराचा इशारा जायचा, काल वेगवेगळी पत्रं पाठवली. तो आमच्याही कामाचा माणूस आहे म्हणतात. दोन महिने हे देश कुठे होते कोण जाणे. आधी कोणीतरी बोलावं, याची वाट बघत होते का? ओमोलाराला विचारलं. ती म्हणाली, विचार करा, साहेब.

२२ जानेवारी, गुरुवार

आरोप मागे. राजपत्रात एक ओळ: पुराव्याअभावी. इल्यास सुटला. मुरातोवची बदली झाली असं ऐकतो, वरच्या जागी.

मला बातमी फाटकापाशी कळली, आयझादाकडून. ती आता मला नावाने हाक मारते. एवढी मोठी बाई रस्त्यात खाली बसली आणि तिच्याबरोबर मीही बसलो. सुरक्षारक्षकाला वाटलं, मला चक्कर आली.

२९ जानेवारी, गुरुवार

इल्यास उपचारांसाठी इथे आला आहे. आज दोघं आमच्याकडे जेवायला होती. एकोणतिसावी तारीख, म्हणून आमच्या देशाच्या रिवाजाप्रमाणे नेलीने बटाट्याच्या न्योकी केल्या होत्या. त्याच्या कहाण्या ऐकायला मी उत्सुक होतो, आणि माफी मागण्यासाठी एक कागद खिशात ठेवला होता, तीन वेळा सुधारलेला.

तो माझ्या कल्पनेपेक्षा लहानखुरा निघाला. इंग्रजी तोडकंमोडकं, पण शांत. आधी गुडघ्यांबद्दल, मग नदीबद्दल बोलला. मग न विचारता म्हणाला:

"चौकशीचा अधिकारी रोज सकाळी यायचा. रोज विचारायचा, तुझ्या साहेबांनी लिहिलं का? मी म्हणायचो, लिहितील. आमचे साहेब जपून लिहिणारे आहेत, त्यांना वेळ लागतो. एकवीस नोव्हेंबरला त्याने विचारलं नाही. एक कोरा कागद माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, हे तुझ्या साहेबांचं उत्तर. वाच. मग त्यांनी मला खालच्या खोलीत नेलं. तिला खिडकी नव्हती. पंचवीस दिवस."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पाण्याची पातळी सांगावी तसं सांगितलं. आयझादा त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली होती.

मी कागद काढला नाही. म्हटलं, "ते पत्र माझ्या खणात होतं, इल्यास. चूक माझी होती."

नेलीने चमचा खाली ठेवला. मला वाटलं, तो आता म्हणेल, असू द्या, साहेब. आमच्या धंद्यात समोरचा असं म्हणतो आणि मग दोघांनाही पुढच्या विषयाकडे जाता येतं. मी वाट पाहिली.

"हो," तो म्हणाला. माझ्याकडे नीट बघून पुन्हा म्हणाला, "हो. तुमचीच होती."

मग त्याने आपलं रिकामं ताट माझ्यापुढे धरलं, आणि मी त्याला वाढलं.